आत्याच्या पदाची चाल आणि सात हेलपाटे

आमची आत्या भाकऱ्या थापताना एक पद गुणगुणायची, किर्लोस्करांच्या काळातल्या नाटकातलं. पद संपलं की ठरलेलं वाक्य, "ही चाल पुण्याची नव्हे गं, आपल्याकडचीच." आत्या गेली, वाक्य डोक्यात राहिलं. मी बेळगावच्या शहापुरात भजनी मंडळात पेटी वाजवते. पदवी नाही, कुठल्या विद्यापीठाचा शिक्का नाही. पण मागल्या वर्षी ठरवलं, ही चाल आली कुठून ते शोधायचंच.

आत्याच्या बोलण्यात तथ्य असणार हे मला माहीत होतं. अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 साली जन्मले ते आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. 1880 साली 'शाकुंतल' आणि 1882 साली 'सौभद्र' रंगभूमीवर आलं, तेव्हा त्यांनी कितीतरी पदांना कानडी गाण्यांच्या चाली लावल्या. नेटवर मात्र जे मिळालं ती सगळी गायकांची चरित्रं. कुणी कुठे गायलं, किती 'वन्समोअर' घेतले. मूळ चालीबद्दल एक ओळ नाही.

मग मी आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयात गेले, आणि तिथेच तीन महिने अडकले.

पहिल्या खेपेला फॉर्म दिला, तो पूर्ण कानडीत. मला कानडी बोलता येतं, लिहिताना अडखळते. शेजारच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरीनं भरून दिला. खिडकीतल्या साहेबांनी तो वाचला, मागच्या कपाटाकडे न बघता म्हणाले, "संगीत पुस्तका इल्ल री. नाळे बर्री." संगीताची पुस्तकं नाहीत, उद्या या. उद्या गेले तर संदर्भ विभागासाठी कॉलेजचं शिफारसपत्र हवं. मी विद्यार्थिनी नाही, शिक्षिका नाही, मला पत्र कोण देणार? तिसऱ्या खेपेला ओळखीच्या मुख्याध्यापकांचं पत्र नेलं, तर त्यावर जावक क्रमांक नव्हता. चौथ्या खेपेला क्रमांक होता, पण ज्यांच्याकडे किल्ली ते रजेवर. पाचव्या खेपेला एकदाचं आत सोडलं. संगीताचं कपाट उघडलं. दहाबारा पुस्तकं, सगळी रागांची आणि परीक्षांची. मी प्रत्येक पुस्तक चाळलं. सहाव्या खेपेला परत तेच कपाट, कारण मला वाटलं माझ्याच नजरेतून काहीतरी सुटलं असेल. त्या दिवशी घरी येताना रिक्षात डोळे भरून आले होते. एवढा राग मला क्वचित येतो. आजही तो पुरता गेलेला नाही, कारण त्या खिडकीत कुणी एकदा तरी "तुम्हाला नेमकं काय हवं?" असं विचारलं असतं तर पाच खेपा वाचल्या असत्या.

सातव्या खेपेला विचारलं, ते झाडलोट करणाऱ्या मामांनी. मी चालीचं सांगितलं. ते म्हणाले, "अक्का, मग नाटकाचं कपाट बघितलासा काय?"

पदांची पुस्तकं नाटकाच्या कपाटात असतात! वाचनालयात पुस्तकं विषयाच्या आकड्यानं लावतात, संगीताचा आकडा 780 आणि मराठी नाटकाचा 891.462. दोन कपाटं, दोन टोकांना. पूर्वी थिएटरच्या दारात विकली जाणारी ती पातळ पदावली नाटकांच्या संचिकेत दोऱ्यानं बांधून ठेवलेली होती. टाचण्या गंजलेल्या, कडा वाळवीनं कुरतडलेल्या, कव्हरवर कुणाच्या तरी तंबाखूच्या बोटांचे डाग. आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात: 'चाल'. पुढे ज्या गाण्यावरून चाल उचलली त्याचा पहिला चरण. कुठे नुसतं पद्यप्रकाराचं नाव: साकी, दिंडी, लावणी. आत्याच्या पदावर कानडी चरण होता, देवनागरीत छापलेला.

तर आपल्या गाण्यांचा इतिहास शोधणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: संगीताचं कपाट सोडा, नाटकाचं उघडा. 'चाल' ही ओळ कुठल्याही चरित्रापेक्षा जास्त सांगते.

वाचनालयात जाण्याआधी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची बघा, 1800 ते 1937 पर्यंतची नोंद तिच्यात आहे. पुस्तकाचं नाव, साल हातात असलं की खिडकीतला माणूस सहज "नाही" म्हणू शकत नाही. हे मला सगळ्यात शेवटी कळलं. आणि बेळगाव 1956 पर्यंत मुंबईकडे होतं, त्यामुळे इथल्या छापखान्यांची नोंद मुंबईच्या जुन्या याद्यांत शोधायची. 1867 च्या कायद्यानं छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारला द्याव्या लागत, त्यावरून दर तिमाहीला यादी निघायची.

रेकॉर्डींबद्दल थोडं. भारतातलं ग्रामोफोन कंपनीचं पहिलं ध्वनिमुद्रण 1902 साली कलकत्त्यात झालं, म्हणजे 'सौभद्र'नंतर वीस वर्षांनी. शिवाय तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं. रंगमंचावर रात्रभर फुलणारं पद त्यात कापूनच बसवलेलं. तेव्हा रेकॉर्ड म्हणजेच मूळ, असं धरू नका. तबकडी हाती आली तर लेबलाच्या कडेला कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, टिपून घ्या. ध्वनिमुद्रणाचा क्रम लावायला लेबलावरच्या नंबरापेक्षा तो कामाला येतो. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे 'द रेकॉर्ड न्यूज'चे अंक शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. इंग्रजीत आहेत, पण सोपे.

हो, आणि फोटो काढायची परवानगी आधी लेखी घ्या. मी नाही घेतली, म्हणून तो चरण वहीत हातानं उतरवून घेतला.

त्याच संध्याकाळी वही घेऊन शेजारच्या अक्कांकडे गेले. त्यांचं माहेर सौंदत्तीकडचं, वय ऐंशीच्या पुढे. मी अडखळत तो चरण वाचला. त्यांनी तांदूळ निवडणं थांबवलं, डोळे मिटले आणि पुढचा चरण म्हटला, मग त्याच्या पुढचा. लग्नात नवरीला हळद लावताना त्यांच्याकडे हे म्हणतात. मी धावत घरी जाऊन पेटी आणली. काळी दोनचा सूर धरला. आत्याचंच पद होतं ते, सुरासुरानं तेच.