बंब कुणी नेला?

रात्रीची जेवणं उरकली की आमच्या घरात खून होतो. टीव्हीवर, अर्थात. गाव लहानसं असतं, एका बाजूला समुद्राचा कडा नाहीतर धुकं धरलेलं तळं, आणि पाऊस. पहाटे कुत्र्याला फिरवायला निघालेल्या कुणाला तरी प्रेत दिसतं. (त्या देशांतल्या कुत्र्यांनी पहाटे फिरायला नकार दिला तर निम्म्या मालिका सुरूच होणार नाहीत.) मग शहरातून एक चिडकी, झोप न झालेली, संसार मोडलेली पोलीस अधिकारी येते. गावातला पाद्री, डॉक्टर, बारवाला, शाळेची मुख्याध्यापिका सगळे आळीपाळीने तिला एकच वाक्य ऐकवतात: ‘आमच्या गावात असं कधी झालं नाही.’ हे वाक्य आलं की नवरा सोफ्यावरूनच म्हणतो, ‘झालंय, झालंय. वीस वर्षांपूर्वी झालंय.’ आणि बहुतेक वेळा खरंच झालेलं असतं.

या साच्याचा मला कंटाळा येत नाही. खून कुणी केला यापेक्षा, कोण कुणाकडे कधी गेलं होतं आणि ते तिसऱ्या कुणी कुठल्या खिडकीतून पाहिलं, यातच मला जास्त रस असतो. मी गिरगावातल्या चाळीत वाढले, हे त्याचं कारण असावं.

आपल्याकडच्या रहस्यकथांत हे फारसं नव्हतं. हजाराच्या वर पुस्तकं लिहिलेल्या बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड माझ्या वडिलांनी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले. तिथे मोटारी, पिस्तुलं, वेषांतरं. त्यातलं काही शेजारच्या बिऱ्हाडात घडेल अशी भीती नव्हती. इंग्रजांनी मात्र भीती फार लवकर घराशेजारी आणली. 1892 सालच्या एका कथेत शेरलॉक होम्स आणि त्याचा मित्र वॉटसन आगगाडीने विंचेस्टरला निघालेत. बाहेर हिरवी शेतं, लाल कौलांची घरं. वॉटसन खूश. होम्स म्हणतो, मला ही सुंदर, सुटी सुटी घरं बघून धडकी भरते. लंडनच्या घाणेरड्यातल्या घाणेरड्या गल्लीत होत नाहीत असली पापं इथे होतात, कारण इथे ऐकायला कुणी नाही.

पुढे 1927 साली अगाथा ख्रिस्तीने सेंट मेरी मीड नावाच्या गावातली एक म्हातारी उभी केली. मिस मार्पल. पहिल्याच कथेत पाचसहा जण शेकोटीपाशी बसून न सुटलेली रहस्यं सांगायचं ठरवतात आणि ही विणता विणता सांगते ती गोष्ट काय, तर गावातल्या एका बाईने सोललेली कोळंबी विकत घेतली, आणखी दोन दुकानांत गेली, आणि घरी पोचते तो कोळंबी गायब! बाकीचे हसतात. शेवटी विषप्रयोगाचं कोडं तीच सोडवते. तिची रीत साधी. खुनी माणूस तिला गावातल्या कुणाची तरी आठवण करून देतो, आणि त्या कुणाचे गुण तिला पाठ असतात. गावावरूनच तिला जग कळतं.

ही बाई मी पाहिलेली आहे. आमच्या मजल्यावरच्या काकू. फक्त त्या विणायच्या नाहीत, निवडायच्या. गॅलरीत पाट टाकून तांदूळ, मेथी, वालपापडी, जे काय असेल ते. नजर सुपात, कान जिन्यावर. पावलांवरून माणूस सांगत. ‘आज जोशी लवकर आले, पगार झालेला दिसतोय.’ कुणाकडे काय शिजतंय यावरून कुणाकडे कोण आलंय, आणि दुधाच्या बाटल्या एकाने वाढल्या की कुणाची सून बाळंतपणाहून परतली, हे सगळं त्यांना चहा टाकायच्या आधी ठाऊक.

तर बंबाची गोष्ट. आमच्या मजल्यावर एका आजींचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. कमरेएवढा, दिवाळीच्या आधी चिंचेने घासून लखलखीत केलेला. मोरीत जागा नाही म्हणून तो गॅलरीत असायचा, खाली राखेचा ढीग आणि बाजूला करवंट्यांची पिशवी. गणपतीत एका संध्याकाळी सगळी चाळ खाली चौकात आरतीला. वर आलो तर बंब नाही.

आता बघा, हे इंग्रजी कादंबरीच्या तोडीचं कोडं आहे. बंब खिशात मावत नाही. पुढचा जिना चौकात उतरतो, तिथे शेदीडशे माणसं टाळ्या वाजवत उभी. जिना लाकडी, तिसरी पायरी तर मांजर गेलं तरी करकरते. राहिला मागचा, संडासाकडचा. मी तेव्हा पाचवी-सहावीत होते आणि डोक्यात झुंजार भिनलेला. कंदील घेऊन मी मागच्या जिन्याकडे गेले आणि अंगावर काटाच आला: दर दोन-तीन पायऱ्यांवर चिमूटभर राख. बंब तिरका धरला होता! राखेची रेघ खाली गल्लीपर्यंत गेली होती. पण मधेच, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, एका खोलीच्या उंबऱ्यापाशी तिचा जरा मोठा ढिगारा होता, जड वस्तू क्षणभर टेकवावी तसा.

मी धावत वर आले, आईला सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि मागचा जिना वरपासून खालपर्यंत झाडून काढला. म्हणाली, ‘लोकांचे पाय माखतील.’

मी काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, ‘परीक्षा कधी आहे गं तुझी?’ बंबवाल्या आजी म्हणाल्या, ‘जुनाच होता, गळायला लागला होता.’ गळत नव्हता. पोलिसांत कुणी गेलं नाही. मंडळाच्या बैठकीत विषय निघाला नाही. त्या उंबऱ्याच्या घरातल्या मुलीचं मार्गशीर्षात लग्न झालं, आजींनी तिला पितळेची समई दिली, आणि त्याच पंगतीत तिचा भाऊ बुंदी वाढत होता. आजींच्या पानात त्याने दोनदा वाढली.

उलगडा झाला तो चाळ रिकामी करताना. पुनर्विकासाचा करार होऊन सगळे सामान बांधत होते, बायका जुन्या भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळत होत्या आणि कुणीतरी म्हणालं, ‘आठवतो का बंब?’ मग काय! एकीला ‘घालीन लोटांगण’च्या वेळी तो मुलगा चौकात दिसला नव्हता. दुसरीने गल्लीत हातगाडी उभी पाहिली होती. तिसरीच्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी त्याला तांबाकाट्याच्या भांडीबाजारात गाठून विचारलं होतं, ‘कितीला गेला?’ मटक्याचं देणं किती होतं तेही चौथीला ठाऊक. प्रत्येकीपाशी एकेक तुकडा होता आणि इतकी वर्षं कुणी दुसरीला दाखवला नव्हता. दाखवला असता तर मुलीचं लग्न मोडलं असतं. आणि लग्न मोडलं असतं तर रोज सकाळी त्याच नळावर हंडा लावायचा होता.

तेव्हापासून मी या मालिका वेगळ्या नजरेने बघते. शहरातून आलेली ती अधिकारी पुरावे शोधते असं आपल्याला वाटतं. खरं तर सगळं गावाला माहीतच असतं. ती फक्त दारोदार जाऊन तुकडे गोळा करते. तिला ते जमतं कारण तिला उद्या त्या गावात राहायचं नसतं.

होम्सचं मात्र इथे चुकलं. शहरात शेजारी ऐकतात, मारझोड झाली तर गल्ली खवळून उठते, असा त्याचा हिशोब होता. त्याला आमच्या मजल्यावर एक रात्र ठेवायला हवं होतं. टोकाच्या खोलीतला माणूस पिऊन यायचा. मधली भिंत फळ्यांची, वरून उघडी. सगळं ऐकू यायचं, आणि सगळे रेडिओ मोठा करायचे. त्यांची दोन मुलं तेवढी झोपायला आमच्याकडे यायची. आई काही न बोलता सतरंजी पसरायची. सकाळी काकू त्या बाईला वाटीभर आमटी पाठवायच्या. चाळीने केलं ते एवढंच. आपुलकीच्या आठवणी निघतात तेव्हा हे कुणी सांगत नाही, मीही आत्ताच सांगतेय.

गावाकडे, कोकणात, प्रकरण आणखी निराळं. तिथल्या रहस्याला प्रेत लागत नाही, सातबारा पुरतो. कुणाचं नाव वारसनोंदीतून गळलं, कुळकायद्याने कसणाऱ्या कुळाला मालक ठरवलं त्या 1 एप्रिल 1957 ला जमीन कोण कसत होतं आणि कागदावर कोण दाखवला गेला, यावर तीन पिढ्या एकमेकांच्या गणपतीला जात नाहीत. गणपतीला मुंबईहून गेलेला चाकरमानी चार दिवसांत असले प्रश्न विचारू लागतो, आणि घरचे त्याच्या पानात आणखी एक मोदक घालतात. तोंड भरलेलं बरं.

आता मी टॉवरमध्ये राहते. वरळीच्या बीडीडी चाळींतली माणसंही 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत चालली आहेत, बरंच झालं; स्वतःचा संडास ही काय चीज आहे ते रांगेत उभं राहिलेल्यालाच कळतं. पण गुन्ह्याच्या दृष्टीने परिस्थिती बिघडली. परवा कुणाचं तरी पार्सल दाराबाहेरून गेलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीसीटीव्हीचं चित्रण आलं. चेहरा स्वच्छ. शर्टाच्या रेघा मोजता येतील इतका स्वच्छ. दिवसभर खल झाला आणि हा माणूस कोण, हे बावीस मजल्यांत एकालाही सांगता आलं नाही. संध्याकाळी एका गृहस्थांनी लिहिलं, ‘तो मी आहे. शेजारी राहतो. पार्सल भिजू नये म्हणून आत घेतलं होतं, बेल वाजवली, कुणी उघडलं नाही.’ खाली बारा नमस्काराचे हात आले.

मराठीत कुणी अशी मालिका करणार असेल तर माझी विनंती आहे: कडा नको, धुकं नको, एक तीन मजली चाळ घ्या आणि तपासाला गॅलरीतल्या काकू. अडचण एकच आहे. पहिला भाग संपायच्या आत त्यांना सगळं कळलेलं असेल. उरलेले सात भाग, त्या ते सांगत कशा नाहीत, यावर काढावे लागतील. मी तरी एकही चुकवणार नाही.