वर्गणी मागता येते, मग ओळख का काढता येत नाही?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली आमच्या भागातली पोरं मला व्हॉट्सॲपवर बायोडेटाची पीडीएफ पाठवतात आणि खाली एकच ओळ लिहितात: "ताई, कुठं असलं तर बघ की." मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या एका युनिटमध्ये पर्चेसला आहे, त्याआधी चाकणला होते. एवढ्यावरून गल्लीत समज झालाय की माझ्या हातात नोकऱ्या आहेत. माझ्या हातात कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या ऑर्डरी आहेत, त्यासुद्धा साहेबांची सही झाल्यावर.

मी उलट विचारते, "शॉपवर उभा राहणार, डिझाइनला बसणार, की क्वालिटीला?" उत्तर येतं, "काय बी चालतंय, ताई." त्याला चालत असेल, खरं मी पुढं कुणाला काय सांगू? फाउंड्रीवाल्याला पॅटर्न आणि मोल्डिंग समजणारा पोरगा हवा असतो, हायड्रॉलिकवाल्याला पंप टेस्टिंगला उभा राहणारा. "काय बी चालणारा" कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

गंमत अशी, की हाच पोरगा गणपतीत पावतीपुस्तक घेऊन खडेबाजारात ओळखीपाळखी नसलेल्या दुकानात बिनधास्त शिरतो. कोणतं मंडळ, यंदा देखावा कसला, गेल्या वर्षी शेजारच्या दुकानानं किती दिले, सगळं दोन मिनिटांत सांगून मोकळा. "दुपारी या" म्हटलं की दुपारी परत हजर. हेस्कॉम ह्या वीज कंपनीकडून मांडवासाठी तात्पुरतं कनेक्शन आणतो, पोलिसांची परवानगी काढतो, तेही मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये. आणि बेंगळुरूच्या एखाद्या इंजिनिअरला चार ओळी लिही म्हटलं की ह्याचा अंगठा स्क्रीनवर थिजतो. "ते काय म्हणतील?" म्हणे! काय म्हणणार, फार तर उत्तर देणार नाहीत. आठवड्यानं एकदा आठवण करायची, नाही आलं तर पुढचं दुकान.

(मंडळाचा जमाखर्च सांभाळला असेल तर तो बायोडेटात लिहा. "हॉबीज: क्रिकेट, म्युझिक" वाचून कंटाळा आलाय.)

आता ओळख काढायची कुणाकडं? इथं आमच्या मराठी पोरांचं एक दुखणं आहे. रूमवर पाचसहा जण, सगळे येळ्ळूर, खानापूर, कंग्राळीकडचे. एकाला पुण्यातली जी जागा कळते तीच बाकीच्यांनाही कळते, कारण सांगणारा चिंचवडचा दादा एकच. मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ सालीच हे मांडलं होतं: नव्या जागेची बातमी जिवलग मित्रापेक्षा अधूनमधून भेटणाऱ्याकडून येण्याची शक्यता जास्त, कारण जिवलगाला जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. पुढं २०२२ साली 'सायन्स' मासिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवरचा अभ्यास आला. त्यात थोडी भर पडली, की अगदीच अनोळखी नव्हे, तर अर्धवट ओळखीची माणसं जास्त उपयोगी पडतात.

बेळगावात अशी अर्धवट ओळखीची माणसं कुठं बसतात? पलीकडच्या बेंचवर. गोकाकचा, अथणीचा, बैलहोंगलचा कन्नड पोरगा. चार वर्षं एका वर्गात काढूनही त्याच्याशी बोलणं असाइनमेंटपुरतं. आपल्या पोरांचा नकाशा निपाणीवरून वर पुण्याकडं जातो, त्याचा धारवाड-हुबळीवरून खाली बेंगळुरूकडं. त्याचा चुलतभाऊ बेंगळुरूच्या पीण्या इंडस्ट्रियल एरियात आहे हे आपल्याला फेअरवेललासुद्धा कळत नाही. सीमाप्रश्नावर माझी मतं पक्की आहेत आणि ती इथं मांडणार नाही, खरं नोकरी शोधताना अर्धा नकाशा आपणच घडी घालून खिशात ठेवायचा, हे मला पटत नाही. बैलहोंगलची एक मुलगी लॅबला माझी पार्टनर होती. ती आता बेंगळुरूत आहे. आजही तिकडचा सप्लायर शोधायचा झाला की माझा पहिला फोन तिलाच. माझ्या कन्नडला ती अजून हसते, मग दोन नंबर देते.

दुसरी जागा आपलं कॉलेज. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा वेगळा भाग असतो. कोण कोणत्या शहरात, कोणत्या कंपनीत, काय काम करतो, हे तिथं गाळून बघता येतं. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचं मुख्यालय आपल्या बेळगावात असलं तरी तिची कॉलेजं राज्यभर आहेत, म्हणजे म्हैसूरच्या अनोळखी इंजिनिअरशीही "आपली युनिव्हर्सिटी एक" एवढा धागा असतोच.

मेसेज छोटा आणि साध्या इंग्रजीत. मी कोण, तुम्हालाच का लिहितोय, आणि एक प्रश्न. तो प्रश्न नोकरीचा नको. एका मुलीनं आमच्या ओळखीच्या एका क्वालिटी इंजिनिअरला विचारलं होतं: "फायनल इयर प्रोजेक्टला कास्टिंगमधले ब्लो होल घेतलेत. तुमच्याकडं रिजेक्शनची नोंद कशी ठेवतात, दहा मिनिटं सांगाल का?" (ब्लो होल म्हणजे ओतकामात वायू अडकून राहिलेली पोकळी.) त्यानं दहाऐवजी तासभर सांगितलं, शॉपही दाखवला. आपल्या कामाबद्दल कुणी नीट विचारलं की माणूस खुलतोच, त्यात उद्यमबागेतला तर चहा पाजूनच सोडतो. इंटर्नशिपचा विषय त्यानं स्वतःच काढला.

"प्लीज रेफर मी सर" असं एकाच दिवशी पन्नास जणांना चिकटवणाऱ्यांना मी काही सांगणार नाही. त्यांचं त्यांना कळेल.

आणि लागलात कुठं, तर कळवा. पेढे नकोत. गेल्या वेळचा एक जण होसूरला लागला, ते मला कित्येक महिन्यांनी त्याच्या आईकडून भाजी मार्केटात कळलं. तोवर त्याच्याच डिपार्टमेंटला दोन जागा निघून भरल्याही होत्या, आणि माझ्या फोनमध्ये तीन बायोडेटा पडून होते.