अंतर एकच, वेळ मात्र दोन

दोन विमानतळांची नावे दिली की त्यांच्यातील अंतर आणि प्रवासाचा वेळ दाखवणारी साधने मी नेहमी वापरते. त्यांतील अंतराच्या आकड्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, वेळेच्या आकड्यावर नाही.

अंतर भक्कम असते, कारण ते दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेल्या, गोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाचे असते. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंत ते सुमारे ५,५४० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर पट्टीने आखलेली रेघ म्हणजे हा मार्ग नव्हे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो आधी उत्तरेला न्यूफाउंडलंडकडे झुकतो आणि मगच अटलांटिक ओलांडतो.

वेळ काढताना मात्र बहुतेक ठिकाणी या अंतराला ताशी ८०० ते ९०० किलोमीटर वेगाने भागतात आणि विमानाच्या चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात. या हिशेबात वारा कुठेच नसतो. विमाने ज्या उंचीवरून जातात, साधारण तिथेच पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम हा वेगवान वाऱ्याचा प्रवाह वाहतो. विमानाचा हवेतील वेग ताशी ८८० किलोमीटर आणि वारा ताशी १५० किलोमीटर धरला, तर वरचेच अंतर पूर्वेकडे जाताना ५ तास २३ मिनिटांत आणि परतताना ७ तास ३५ मिनिटांत कापले जाते. जाताना मिळालेला फायदा येताना फिटतो असे आपण सहज धरून चालतो, पण ते खरे नाही: वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १२ तास ३५ मिनिटे लागली असती, वाऱ्यामुळे १२ तास ५८ मिनिटे लागतात, कारण उलट्या वाऱ्यात विमानाला अधिक काळ राहावे लागते. म्हणूनच पश्चिमेकडे जाणारी विमाने पुष्कळदा हा प्रवाह टाळून लांबचा मार्ग घेतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या काळात एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. आसनासमोरच्या पडद्यावर जमिनीच्या सापेक्ष वेग १,१०० च्या पुढे सरकताना पाहिला की वाऱ्याचा हा वाटा मला अगदी स्पष्ट दिसतो.

कधी आकाशच बंद होते. २०२२ मध्ये रशियाचे हवाई क्षेत्र युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही विमानतळ होते तिथेच होते.

त्यामुळे पुढचे विमान पकडायचे असेल, तेव्हा मी कंपनीच्या वेळापत्रकातील वेळच धरते. ती विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते आणि तिच्यात धावपट्टीपर्यंतची रांगही येते. मात्र वेळापत्रकात सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणची स्थानिक असल्याने वजाबाकी करण्याआधी दोन्ही एकाच घड्याळावर आणाव्या लागतात, आणि परतीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.