लाल कुंची, पांढरा रस्सा आणि माळावरचा लांडगा

‘लिटल रेड रायडिंग हूड’ ही जुनी परीकथा आजच्या काळात आणून आमच्या पेठेतील मुलांना सांगायची असे मी ठरवले, तेव्हा मूळ कथा कोणती मानावी हाच पहिला प्रश्न पडला. शार्ल पेरोने १६९७ मध्ये छापलेल्या कथेत लांडगा आजीला आणि नातीला खाऊन टाकतो व गोष्ट तिथेच संपते. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात मात्र शिकारी येतो आणि लांडग्याचे पोट फाडून दोघींना जिवंत बाहेर काढतो.

बारीकसारीक तपशील सहज बदलले. केक आणि वाइनऐवजी पांढऱ्या रश्श्याचा डबा आला आणि मखमली टोपीऐवजी आजीने जुन्या लुगड्यातून शिवलेली लाल कुंची. घनदाट जंगल मी काढून टाकले. कोल्हापूर जिल्ह्यातले राधानगरी-दाजीपूरचे अरण्य जवळ असताना असे का, असे मला विचारले गेले; पण ते अरण्य गव्यांचे म्हणून ओळखले जाते आणि आपल्याकडचा लांडगा उघड्या माळरानावर, मेंढ्यांच्या कळपांच्या आसपास वावरतो. म्हणून आजीचे घर मी हातकणंगल्याकडच्या माळाच्या कडेला, उसाच्या शेवटच्या फडापलीकडे नेले.

खरी अडचण शिकाऱ्याची होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला संरक्षण दिलेले आहे, आणि त्याचे पोट फाडणारा माणूस आजच्या मुलांपुढे नायक म्हणून उभा करणे मला मान्य नव्हते. त्याच्या जागी वन खात्याची जीप आणून पाहिली, तरी मुलगी कोणीतरी सोडवायला येईल म्हणून वाट पाहतच राहिली. उपाय सापडला तो फ्रान्सच्या खेड्यांतील मौखिक परंपरेत: तिथल्या एका कथनात मुलगी बाहेर जाऊन येण्याचे निमित्त करते, आजीचे सोंग घेऊन बिछान्यात पडलेला दुष्ट तिच्या पायाला दोरी बांधतो आणि ती दोरी अंगणातल्या झाडाला बांधून मुलगी पळ काढते. माझ्या कथेत त्या दोरीचे दावे झाले आणि मुलगी ते गोठ्यातल्या म्हशीला बांधून धनगरांच्या वाड्याकडे धावते. लांडगा आतून दावे ओढतो, म्हैस उलट हिसका देते, तो फरफटत अंगणात येतो आणि वाड्यावरची कुत्री त्याला माळापार पिटाळतात.

“आज्जी, तुझं कान एवढं मोठ्ठं कशानं झालं गं?” ही प्रश्नांची माळ मी जशीच्या तशी ठेवली, कारण दुसऱ्या प्रश्नापासून मुले आपणहून सूर धरतात. पण वाचून झाल्यावर मुलांनी एकच धरून ठेवले: तोवर आजी कुठे होती? हा प्रश्न इतका रास्त होता की मी मधला भाग पुन्हा लिहिला. आता लांडग्याची चाहूल लागताच आजी माळ्यावर चढून शिडी वर ओढून घेते आणि नात उंबऱ्यात आली की वरून अडकित्ता खाली टाकते. त्या आवाजाने मुलगी काय ते ओळखते, आणि पुढचे सगळे प्रश्न ती दाव्याची युक्ती सुचेपर्यंत वेळ काढण्यासाठी विचारते.