डाळ न शिजणारं पाणी : आमची वाटचाल

आमच्या शेडच्या दारावरची पाटी अजून ‘फोटो स्टुडिओ’ अशीच आहे. आठवड्यातून एखादा तरी माणूस पासपोर्ट फोटो काढायला येतो, आतल्या माशांच्या सदतीस टाक्या बघतो आणि विचारतो, “वो दादा, इथं फोटो काढत होतासा न्हवं?” काढत होतो. अण्णांनी सांगलीच्या गावभागात स्टुडिओ टाकला, मी त्यांच्या हाताखाली डार्करूममध्ये वाढलो. पाटी बदलायचा विषय दर दिवाळीला निघतो. पण ती अण्णांच्या हातची आहे, त्यामुळं विषय तिथंच थांबतो.

२००५च्या पुरात स्टुडिओत पाणी शिरलं. एन्लार्जर गेला, कागदाचे बॉक्स लगदा होऊन बाहेर आले. तोवर गिऱ्हाईकही डिजिटलकडं वळलेलं, म्हणून डार्करूम परत उभी करण्यात अर्थ नव्हता. मात्र ती खोली मासे पाळायला मुद्दाम बांधल्यासारखी होती. खिडकी नाही, म्हणजे काचेवर शेवाळ नाही. आत नळ, मोरी, तीन बाजूंना फळ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला माशाचे दुकानदार जी औषधाची बाटली विकतात, त्यात बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेटच असतं, आणि ते म्हणजे आमचा फोटोवाल्यांचा हायपो, फोटो पक्का करायचं रसायन. बरणीभर खडे शिल्लक होते. (नुसते खडे, बरं का. हार्डनर मिसळलेलं तयार फिक्सर टाकीत घालू नका.) निगेटिव्ह तपासायचं भिंग आणि पांढरे डेव्हलपिंग ट्रेही होते. ही दोन्ही पुढं किती कामाला येणार आहेत हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

सुरुवात एंजलपासून केली. एंजल हा सिक्लिड नावाच्या माशांच्या मोठ्या कुळातला, मूळचा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला मासा. एका घाऊक विक्रेत्याकडून ‘गॅरंटीची जोडी’ म्हणून दामदुप्पट पैसे मोजून दोन मासे आणले. पंधरवड्यात त्यांनी उभ्या पीव्हीसी पाइपावर अंडी घातली. अडीच-तीनशे अंडी, साबुदाण्याहून बारीक, ओळीनं चिकटवलेली, आणि दोघंही आळीपाळीनं पर हलवून त्यांना वारा घालतायत. मी घरच्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. चांगल्या अंड्यांतून २८ अंशाच्या पाण्यात अडीच दिवसांत शेपट्या वळवळायला लागतात. आमची अंडी तिसऱ्या दिवशी खडूसारखी पांढरी झाली. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. सहा महिने मी पाण्यावर खापर फोडत होतो. औषधं झाली, बर्फाचे डबे टाकून तापमान उतरवून झालं, नदीचं पाणी गाळून वापरून झालं.

शेवटी बायकोनं भिंग उचललं. एंजलमध्ये एरवी नर-मादी ओळखता येत नाही. कपाळ उंच म्हणजे नर वगैरे दुकानात सांगतात त्यावर मी भरवसा ठेवत नाही. खात्रीची वेळ एकच, अंडी घालायच्या दिवशी. पोटाखाली एक छोटी नळी बाहेर येते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. सौ. टाकीपुढं पाट घेऊन बसली, पाऊण तासानं म्हणाली, “अहो, दोघींचीही बोथट आहे.” दोघी मैत्रिणी संसार मांडून बसल्या होत्या! एंजलच्या दोन माद्या नर नसला तर अशी जोडी जमवतात, दोघी अंडी घालतात, मन लावून राखतातही.

तेव्हापासून आम्ही डोळ्यासमोर पिल्लं काढलेली असल्याशिवाय कुठल्याही दोन एंजलना जोडी म्हणत नाही. गिऱ्हाईक “एक नर एक मादी बांधा” म्हणालं, तर सहा लहान मासे घ्या म्हणतो. सात-आठ महिन्यांत त्यातले दोघं टाकीचा एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हाकलायला लागतात. ती जोडी. उरलेले चार परत आणून द्या, आम्ही घेतो. यात आमचं नुकसान आहे असं आमचे व्यवसायबंधू म्हणतात. असेल.

एंजल मार्गी लागल्यावर मी डिस्कसच्या नादी लागलो. त्यावर फार लिहीत नाही. डिस्कसला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. आरओचं पाणी केलं, विजेचं बिल भरलं, दोन वर्षं पैसे घातले. पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खातात हे दृश्य एकदाच बघायला मिळालं, आणि त्यावरच समाधान मानलं. इथं मात्र दोष खरोखर पाण्याचा होता.

त्याच सुमारास उन्हाळ्यात नळाला पाणी कमी यायचं आणि वाड्यातल्या बोअरवर भागवावं लागायचं. आईची रोजची कटकट : “या पाण्यात डाळ शिजत नाही.” चहावर साय धरल्यासारखा थर, बादलीला पांढरी पुटं. आमच्याकडं नदीकाठच्या कितीतरी जमिनी उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झाल्यात, तेव्हा जमिनीखालचं पाणी जड असणार यात नवल ते काय. मी सहज टेस्ट किट लावलं. ताज्या उपशाला पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७.४ दाखवला. रात्रभर एअर पंप लावून ठेवलेल्या बादलीत सकाळी ८.१. आधी वाटलं किट बिघडलं. मग कळलं की जमिनीतून येताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडून गेला की पीएच चढतो. म्हणून बोअरचं पाणी मोजायचं ते शिळं करून.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा पीएच साधारण ७.८ ते ८.६, पाणी मध्यम जड. कोकणातले आमचे ओळखीचे हौशी लोक असलं पाणी करायला शिंपल्यांचा चुरा आणि मीठं घालतात. आमच्या आईची डाळ ज्यात शिजत नव्हती, ते पाणी मला फुकट मिळत होतं. त्याच महिन्यात डिस्कस विकून टाकले आणि मलावीच्याच यलो लॅब या सिक्लिडची चाळीस पिल्लं आणली. पिवळाधमक, पाठीच्या परावर काळी किनार असलेला, बोटाएवढा मासा. आमचा धंदा खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला.

शेडमध्ये येणाऱ्या काहींना सिक्लिड म्हणजे श्रीमंताचे चोचले वाटतात. त्यांना मी विचारतो, चिलापी खाल्ली का कधी? कृष्णेत गळाला लागते ती चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा आफ्रिकेतून आलेली सिक्लिडच. १९५२ साली ती भारतात आणली गेली आणि मग आवरली नाही. तिची मादी अंडी तोंडात धरते. हरिपूरला संगमावर जाळं टाकणाऱ्या एका म्हाताऱ्या मामांनी मला हे फार पूर्वी सांगितलं होतं, “तोंडात पोरं घेऊन फिरती ती.” मी तेव्हा हसलो होतो. मलावीचे जवळजवळ सगळे सिक्लिड हेच करतात. आपल्या कोकणातलं खाडीतलं कालुंदरही याच कुळातलं, पण ते अंडी तोंडात न घेता दगडाला चिकटवून राखतं.

आता नर-मादीचं. यलो लॅबचा नर म्हणजे काळे पर आणि पोटामागच्या परावर पिवळे ठिपके, असं छातीठोकपणे सांगतात. आमच्याकडं असे ठिपकेवाल्या माद्या ढिगानं आहेत आणि दबलेला नर फिका पडून मादीसारखा दिसतो. त्यामुळं आम्ही मासा उलटा करून बघतो. हे काम सौ.चं, माझा हात जड आहे. हात ओला, मासा ओल्या फडक्यात डोक्याकडून गुंडाळलेला, पोट वर. शेपटीच्या बाजूला दोन छिद्रं दिसतात. डोक्याकडचं शौचाचं, शेपटीकडचं अंड्याचं किंवा वीर्याचं. दोन्ही सारखीच बारीक, तर नर. मागचं पुढच्यापेक्षा ठसठशीत मोठं, तर मादी. पाच-सात सेकंदांत निकाल लावायचा आणि मासा पाण्यात. अडीच इंचांखालच्या माशावर हे करण्यात अर्थ नाही, आणि एकटा मासा बघून तर मुळीच नाही. आठ-दहा ओळीनं बघितले की फरक डोळ्यात भरतो. ती “नर… मादी… मादी… ठेवा बाजूला, नंतर बघू” म्हणत जाते, मी वहीत टिपतो. ‘नंतर बघू’ची टाकी वेगळी आहे.

एका नरामागं चार माद्या ठेवतो. कमी ठेवल्या तर नर एकीच्याच मागं लागून तिला मारून टाकतो. अंडी घालताना दोघं गोल गोल फिरतात. मादी अंडं टाकते आणि वळून लगेच तोंडात घेते. नर पर पसरून त्यावरचे ठिपके पुढं करतो. तिला वाटतं आणखी अंडी राहिलीत, ती ठिपक्यांना तोंड लावते, आणि वीर्य तिच्या तोंडात जाऊन अंडी तिथंच फळतात. डार्करूमच्या जुन्या लाल दिव्यात बसून हे मी पहिल्यांदा बघितलं, तेव्हा चहा गार होऊन गेला होता.

त्यानंतर जवळपास तीन आठवडे ती मादी खात नाही. गळा फुगलेला, जबडा चघळल्यासारखा हलत असतो, अंडी आत फिरवत असते. आम्ही अठराव्या दिवशी पिल्लं काढतो. पांढऱ्या डेव्हलपिंग ट्रेमध्ये चार बोटं पाणी, मादी डोकं खाली करून धरायची, खालचा ओठ बोथट काडीनं हलकेच उघडायचा. मध्येच तिला पाण्यात बुडवायचं, श्वास घेऊ द्यायचा. एक पिल्लू पडतं, मग तीन, मग एकदम झुपका. पांढऱ्या ट्रेमध्ये मोजायला सोपं. पहिल्या वेळी सतरा होती. प्रिंट डेव्हलप करताना पांढऱ्या कागदावर चेहरा उमटायचा त्याच ट्रेमध्ये सतरा डोळ्यांच्या जोड्या माझ्याकडं बघत होत्या.

चुका पुष्कळ झाल्या. मलावीचे खडकावरचे मासे मुख्यतः शेवाळ खाणारे, त्यांना मी प्रेमानं ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, घातले. पोटं फुगली, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, आठवड्यात अकरा मासे गेले. आता स्पिरुलिना, म्हणजे शेवाळाचं खाद्य, आणि उकडलेला पालक. भारनियमनाच्या काळात सहा-सहा तास हवा बंद पडायची, तेव्हा जुन्या गाडीच्या बॅटरीवर पंप चालवले. आणि एकदा एका बड्या व्यापाऱ्याकडून पीकॉक या मलावीच्याच रंगीत सिक्लिडची बारा ‘नर’ पिल्लं आणली. दीड इंचाची, पण रंग असा की डोळे दिपावेत. एवढ्या वयात एवढा रंग येत नाही हे मला कळायला हवं होतं. खाद्यातून हार्मोन दिलेले होते. दोन महिन्यांत रंग उतरला आणि भिंगाखाली नऊ माद्या निघाल्या, त्याही कुठल्या जातीच्या ते सांगता येईना, कारण पीकॉकच्या माद्या सगळ्या एकजात राखाडी. अशा माद्यांपासून पिल्लं काढून विकणं म्हणजे भेसळ. त्या माद्या आमच्याकडंच म्हाताऱ्या झाल्या. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “पाणी बदललं की रंग उतरतो, साहेब.”

मग २०१९चा ऑगस्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. गावभागात आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी. २००५ बघितलेलं असूनही आम्ही गाफील राहिलो, वाटलं तेवढंच येईल. रात्री साडेदहाला टाक्या फळीवरून उचलल्या जाऊन एकमेकींवर आपटायला लागल्या. बत्तीस टाक्यांतलं एकूण एक वाचवणं शक्य नव्हतं. सौ. म्हणाली, “गळा फुगलेल्या तेवढ्या घ्या.” दहा माद्या आणि तीन नर ऑक्सिजनच्या पिशव्यांत घालून गच्चीवर नेले. तिथं स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्यांत पाच दिवस काढले, दर दोन तासांनी मगानं पाणी वरून ओतून हवा द्यायची. दहापैकी चौघींच्या तोंडात पिल्लं होती. दोघींनी घाबरून गिळली. दोघींनी धरून ठेवली. एकोणचाळीस पिल्लं. आज शेडमध्ये जी यलो लॅब आहेत ती बहुतेक सगळी त्या पातेल्यांतली.

पूर ओसरल्यावर सांगलीजवळच्या कुपवाडच्या बाजूला उंचावर पत्र्याची शेड घेतली. २०२१च्या जुलैत नदी पुन्हा वर आली, तेव्हा आम्ही तिथून नातेवाइकांसाठी डबे पाठवत होतो. भिंतींना थर्माकोल लावून आख्खी शेडच उबदार ठेवतो, त्यामुळं हिवाळ्यातले हीटर निम्मे झाले. माल कोल्हापूर, पुणे, बेळगावला जातो, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत, थर्माकोलच्या पेटीतून. पाठवायच्या आधी दोन दिवस मासे उपाशी ठेवतो, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. पेटीवर ‘उलटी ठेवू नये’ लिहितो. उलटीच ठेवतात.

गेल्या उन्हाळ्यात शेडमधली बोअर आटली. नवी मारली, तीनशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. गाडीवाल्यानं ओंजळभर पिऊन बघितलं आणि म्हणाला, “लई गोड पाणी लागलंय, नशीबवान हायसा.” शेजारच्यांनी येऊन कळश्या भरल्या. सौ.नं त्या रात्री तिथंच आमटी केली, दोन शिट्ट्यांत डाळ गळून गेली. मी किट घेऊन बसलो होतो. रात्रभर हवा देऊनही पीएच ७.२च्या वर सरकेना.

जुन्या बोअरला पावसाळ्यात थोडं पाणी येतं, ते दोन ड्रम भरून ठेवतो. बाकीचं भागवायला मुलगा पुढच्या आठवड्यात मालवणहून शिंपल्यांची तीन पोती आणणार आहे. एंजलची मात्र या पाण्यात चार जोड्यांनी एकदम अंडी घातलीत, त्यातल्या तिघांची वळवळायला लागलीत.