तुम्ही विचारलंत म्हणून: मासे खाणारी बाई मासे फेकायच्या मॅचला कशी जाते

गावी गेले की हमखास कोणीतरी विचारतं, आणि इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या गणपतीत मोदकाची प्लेट हातात असताना पण विचारलंच जातं, की अगं तू दापोलीची, हर्णे बंदराच्या लिलावातले मासे खाऊन वाढलेली, आणि तुमच्या त्या कॉर्नेल विद्यापीठाच्या हॉकी मॅचला लोक बर्फावर चांगले मासे फेकतात म्हणे, आणि तू तिथे लाल टोपी घालून घसा बसेपर्यंत ओरडतेस, तर हे तुला चालतं कसं? दरवेळी मी "अहो ती गंमत असते" म्हणून सुटका करून घेते. पण ती नुसती गंमत नाहीये, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकते.

आधी हे की ही आपली ध्यानचंदवाली हॉकी नव्हे. ही बर्फावरची. पायात स्केट्स, चेंडूच्या जागी पक म्हणून काळी रबरी चकती, गोलकीपर धरून दोन्हीकडून सहा-सहा जण, वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, आणि खेळाडू एका वेळी जेमतेम पाऊण मिनिट पळतात की लगेच दुसरे उडी मारून आत. कॉलेजच्या पोरांना तोंडावर पूर्ण जाळी लावावी लागते, त्यामुळे चेहऱ्यावरून कोणी ओळखू येत नाही, नंबर पाठ करायचे. माझ्या पहिल्या मॅचला मला पक दिसलाच नाही खरं सांगते. बाजूचे उठले की मी उठायचे, ते बसले की बसायचे, लग्नात मंगलाष्टकं कुठे संपतात ते न कळणाऱ्या पाहुण्यासारखं.

कॉर्नेलचं इथाका हे गाव न्यूयॉर्क राज्यात असलं तरी न्यूयॉर्क शहरापासून बसने पाचेक तास लांब, तळ्याकाठी, डोंगरावर, आणि थंडीत साडेचारला अंधार. मी इथे शेतकीच्या मास्टर्सला आले तेव्हा पहिल्या नोव्हेंबरातच मला रडू यायला लागलं होतं. तेव्हा लॅबमधली एक मुलगी म्हणाली, चल, लायनाला जाऊ, निदान तिथे चार माणसं एकत्र ओरडताना तरी दिसतील. लायना म्हणजे कॉर्नेलची रिंक, 1957 ची, सव्वाचार हजार माणसं मावतात, आणि लोक बर्फाच्या इतके जवळ बसलेले असतात की खेळाडू काचेवर आदळला तर आपल्या दाताला झिणझिण्या येतात.

तर त्या दिवशी काय झालं. समोरच्या टीमची नावं पुकारायला सुरुवात झाली आणि सगळ्या स्टुडंट लोकांनी एकदम पेपर उघडले. खराखुरा पेपर, कॉलेजचाच 'डेली सन', आणि तोंडासमोर धरून वाचत बसले, म्हणजे तुम्ही कोण आलात आम्हाला काही पडलेली नाही. मधूनच "बोरिंग!" म्हणून ओरडायचं. एका पोराने तर पान उलटून जांभई दिली. नावं संपली की त्याच पेपरचे बोळे करून फेकायचे. मला आमचे एक काका आठवले, नको असलेले पाहुणे आले की ते असाच 'सकाळ' उघडून बसायचे, फक्त बोळा करायचं तेवढं राहिलं होतं.

मग राष्ट्रगीत. मी आपली शहाण्यासारखी ताठ उभी, आणि त्यात जिथे 'रेड' हा शब्द येतो तिथे चार हजार लोक एकदम "रेऽऽड!" म्हणून किंचाळले. कॉर्नेलचा रंग लाल म्हणून. मी दचकून कॉफी सांडली. राष्ट्रगीतात असं चालतं का, हे मी त्या मुलीला तीनदा विचारलं. आता मीच ओरडते, आणि बाहेर कुठे ते गाणं लागलं तर त्या जागी तोंड दाबून धरावं लागतं.

आणि गोल झाला की समोरच्या गोलकीपरकडे बोटं करून "सीव्ह, सीव्ह". म्हणजे चाळण. सगळं आरपार जातं! हे मला इतकं घरगुती वाटलं, की एवढ्या मोठ्या आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड-येल-कॉर्नेल अशा आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातल्या पोरांना शिवी काय सुचावी तर पिठाची चाळण. तिथेच मी फॅन झाले बहुतेक.

पण तुमचा प्रश्न माशांचा होता.

मासे फक्त हार्वर्डच्या वाट्याला. वर्षातून एकदा हार्वर्डची टीम लायनावर येते, आणि मॅचच्या आधी त्यांची पोरं बर्फावर उतरली की स्टँडमधून मासे पडायला लागतात. छोटे, मोठे, नुसती डोकी, कोणी माशाच्या आकाराच्या जेलीच्या गोळ्या पण टाकतं, पण बाकी खरे. दारावर चेकिंग असतं, त्यामुळे पोरं जॅकेटच्या बाहीत, पँटच्या आत, कुठे कुठे लपवून आणतात ते विचारू नका. मग फावडी आणि बादल्या घेऊन माणसं येतात, बर्फ साफ होतो, माइकवरून ताकीद देतात की यापुढे काही फेकलंत तर आपल्याच टीमला पेनल्टी बसेल. आणि हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून जे काय फेकायचं ते आधीच. मॅच चालू झाल्यावर कोणी फेकलंच तर बाजूचे लोकच त्याला सोलून काढतात.

आता हे सुरू कसं झालं, तर 1973 मध्ये हार्वर्डच्या रिंकवर कोणीतरी कॉर्नेलच्या गोलकीपरच्या अंगावर कोंबडी फेकली. सांगणारे वेगवेगळं सांगतात, कोणी म्हणतं मेलेली, कोणी म्हणतं जिवंत होती नि गोलच्या जाळीला बांधलेली, पण कोंबडी हे नक्की. कशासाठी, तर कॉर्नेलमध्ये शेतकी कॉलेज आहे म्हणून. तुम्ही कोंबड्या पाळणारे, गोठ्यातले, आमच्या पंक्तीला कुठे बसताय, हा भाव. मग हार्वर्डची टीम इथाकाला आली तेव्हा आमच्या लोकांनी मासे फेकले, की बाबांनो तुम्ही बॉस्टनचे, बंदरावरचे, तुमच्या अंगाला तरी कुठे अत्तराचा वास येतो? आणि ते आजपर्यंत चालू आहे.

ही कोंबडीची गोष्ट ऐकली आणि मी त्या क्षणी आयुष्यभरासाठी कॉर्नेलची झाले. का ते सांगते.

माझे बाबा दापोलीच्या कृषी विद्यापीठात नोकरीला होते. विद्यापीठ 1972 चं, म्हणजे कोंबडीच्या आदल्या वर्षीचं, हा योगायोग मी उगाचच जपून ठेवलाय. मी बारावीनंतर शेतकीला गेले तेव्हा अख्ख्या नातेवाइकांत एकच वाक्य फिरलं, "मेडिकलला नंबर लागला नाही वाटतं." आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे काय करतात यावर मी तासभर बोलू शकायचे, पण लग्नाकार्यात मला विचारायचे काय, तर "मग आता तू नांगर धरणार का गं?" आणि हसायचे. वाईट मनाने नव्हे, पण हसायचे. त्यामुळे जगातल्या एका सगळ्यात भारी कॉलेजने दुसऱ्या भारी कॉलेजला शेतकीवरून चिडवलं, आणि चिडलेल्यांनी ते पन्नास वर्षं सोडलं नाही, हे ऐकून मला काय गार वाटलं म्हणून सांगू. कॉर्नेल 1865 चं, सुरुवातीपासून शेती आणि यंत्रं पण शिकवायची म्हणून काढलेलं, आणि शेतकी कॉलेजला आजही राज्य सरकारचा पैसा येतो. आयव्ही लीगमध्ये असून गोठा असलेलं. मला तर वाटतं तो गोठाच आमची शान आहे, पण ते असो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल करायला पाहिजे, आमचे लोक चिडतील तरी. ही दुश्मनी बरीचशी एकतर्फी आहे. हार्वर्डच्या माणसाला विचारा तुमचा शत्रू कोण, तो येल म्हणेल. हॉकीचं विचाराल तर फेब्रुवारीतल्या पहिल्या दोन सोमवारी त्यांची बीनपॉट नावाची स्पर्धा असते, बॉस्टनच्या चार कॉलेजांची, 1952 पासूनची, आणि त्यांचा जीव त्यात. आम्ही आपले कॅलेंडरवर हार्वर्डच्या तारखेला लाल गोल करून बसलेले. आपल्याकडे बांधावरून भाऊबंदकी होते तेव्हा निदान दोघंही कोर्टात जातात, इथे एकच भाऊ तारखेला हजर. मी एकदा बॉस्टनला त्यांच्या रिंकवर मॅच बघायला गेले होते, तर तिथेही आमचीच गर्दी! इतकी, की आमचे लोक त्या रिंकला 'लायना ईस्ट' म्हणतात. राष्ट्रगीतात त्यांच्या घरात "रेड" आम्ही ओरडलो. रंग तर दोघांचाही लालच, त्यांचा जरा किरमिजी, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला कळणारही नाही कोण कोणाशी भांडतंय.

म्हणून काय प्रेम खोटं होत नाही. माइक शेफर म्हणून कॉर्नेलचा कोच होता, 1995 पासून 2025 पर्यंत तीस सीझन. तो ऐंशीच्या दशकात इथेच खेळायचा, तेव्हा हार्वर्डच्या मॅचला नाव पुकारल्यावर त्याने स्वतःची स्टिक स्वतःच्या डोक्यावर आपटून मोडली होती. चाळीस वर्षं झाली, अजून लोक हे असं सांगतात जणू काल बघितलं. आणि बघितलेले खरंच आहेत, माझ्या मागच्या रांगेत एक आजोबा बसतात, ते तर त्याच्याही आधीपासून येतायत. त्यांनी केन ड्रायडन बघितलाय. ड्रायडन म्हणजे गोलकीपर, कॉर्नेलकडून तीन सीझनमध्ये 76 मॅच जिंकला आणि हरला फक्त चार, पुढे मॉन्ट्रियलला जाऊन सहा स्टॅन्ली कप (व्यावसायिक हॉकीतली सगळ्यात मोठी ट्रॉफी), वकील, कॅनडात मंत्री, सगळं करून झालं त्याचं. 2025 च्या सप्टेंबरात गेला. पण गंमत बघा, 1970 साली कॉर्नेलची टीम 29 पैकी 29 मॅच जिंकून चॅम्पियन झाली, एकही हार नाही, बरोबरी नाही, कॉलेज हॉकीत असं दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही, आणि त्या टीममध्ये ड्रायडन नव्हताच, तो आदल्या वर्षी पास होऊन गेलेला. नवीन पोरं हे नेहमी चुकवतात आणि आजोबा दरवेळी मागून दुरुस्त करतात, पक कुठे का असेना.

त्या 1970 नंतर मात्र आम्ही राष्ट्रीय चॅम्पियन झालेलो नाही. हार्वर्ड 1989 ला झालं. हा विषय आजोबांसमोर काढायचा नाही.

बॉस्टन युनिव्हर्सिटीशी पण आमचं वैर आहे, 1967 ची फायनल आम्ही त्यांना हरवून जिंकलो तेव्हापासूनचं किंवा आधीचंही असेल, आणि 2007 पासून दर दोन वर्षांनी थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या इथल्या सणाच्या, सुट्टीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघांची मॅच होते. भव्य वगैरे असते. पण तिथे मासे नाहीत, तिकीट महाग, आणि माणसं खेळापेक्षा जुने मित्र भेटले म्हणून जास्त खूश. मला लायनाच बरी. हो, आणि मुलींच्या मॅचला आरामात जागा मिळते, खेळतात जबरदस्त, तिथे कोणी का जात नाही हे मला आजवर कळलेलं नाही, तुम्ही इथाकाला आलात तर आधी तिथे घेऊन जाईन.

बरं, आता मूळ मुद्दा, मी स्वतः फेकला का.

पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी मी नुसती बघत राहिले आणि मनात हिशोब, हा एवढा गेला, त्याचं तिखलं झालं असतं, तो गेला, तो तळायचा होता. पोटात कालवाकालव होत होती. घरी येऊन मी डोकंच धरून बसले होते, की ज्या घरात पानात मासा टाकला तर आई भांडं आपटायची त्या घरातली मी, कुठे येऊन पडले.

दुसऱ्या वर्षी त्याच लॅबमधल्या मुलीने ऐन वेळी बाहीतून एक मासा काढला, प्लास्टिकच्या पिशवीतला, आणि माझ्या हातात दिला. तिचा हात दुखत होता म्हणाली, खरं खोटं तिचं तिला माहीत. बांगडाच होता, वीतभर. हार्वर्डची पोरं बर्फावर येत होती, आजूबाजूला सगळे किंचाळतायत, आणि मी काय केलं असेन तर सवयीने बोटाने त्याचे कल्ले उचलून बघितले. लाल नव्हते. पांढरट-तपकिरी, चिकट. डोळा आत गेलेला. पोटावर दाबलं तर खड्डा तसाच राहिला. आमच्या हर्ण्याला असला मासा कोणी मांजरीला पण घातला नसता.

टाकला. फार लांब नाही गेला, काचेला लागून अलीकडेच पडला, आणि मागून आजोबा म्हणाले, खांदा वापर.

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला आणि भीत भीत सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, "अगो, कल्ले बघितलेस का?"

बघितले, म्हटलं. पांढरे पडलेले.

"मग टाकलास ते बरं केलंस," आई म्हणाली, "पण हात लिंबाने धू, साबणाने वास जायचा नाही."