सात माणसं कमी पडली

सकाळी साडेआठला पाळणाघराच्या ताईंचा फोन, "आज नाही जमणार बाई, घरी पाहुणे आलेत." दहाला ऑडिटची मीटिंग, नवरा पुण्याला, आणि लेक कडेवर, एकाच पायात मोजा घालून.

२०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पगारी रजा १२ वरून २६ आठवडे केली, आणि ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची केली. आमच्या ऑफिसात आम्ही ४३! हसावं की रडावं.

जिन्यात खालच्या काकू भेटल्या. "काहून व, तोंड काहून उतरलं?" मी सांगायच्या आधीच लेक त्यांच्या कडेवर गेलेली. मला मात्र दिवसभर लाज वाटत राहिली. मागणं आपल्याला जमतच नाही ना!

संध्याकाळी परतले तर काकूंकडे बाजारच भरलेला. थंडीतला हिरवागार स्वस्त सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, वर्तमानपत्रावर त्याचा ढीग, भोवती बिल्डिंगमधल्या चौघी. एकीचं बाळ दीड महिन्याचं, ती पहिल्यांदाच घराबाहेर आली होती. दुसरीने बाळ घेतलं आणि तिला म्हणाली, "तू गरम गरम खा आधी." तिने सांबारवडी कढीत बुडवली आणि डोळे पुसले. तिखटाने असेल. कोणी विचारलं नाही.

माझी लेक काड्या मोडत बसली होती. दोन्ही मोजे गायब.

शनिवारी माझी पाळी. चौथ्या माळ्यावरच्या नर्सताईंची नाईट आहे, तिचे जुळे माझ्याकडे झोपणार आहेत.